टेम्प्रानिल्लोच्या तीन ओळी

फेब्रुवारी लागला की नाशिकच्या गंगापूर रोडवर आमच्या सोसायटीसमोरून पहाटे क्रेट भरलेले पिकअप जायला लागतात. खाण्याची द्राक्षं असली तर क्रेटवर कागद अंथरलेला असतो, मण्याला ओरखडा येऊ नये म्हणून केवढे लाड! वाईनची द्राक्षं मात्र उघडीबोडकीच जातात. काळी, बारकी, घट्ट घडांची. स्पीडब्रेकरवर गाडी आदळली की एखादा घड रस्त्यावर पडतो आणि ऊन चढेपर्यंत तिथे आंबूस वास सुटतो. बाल्कनीत चहा घेऊन उभी असले की तो वास वरपर्यंत येतो. शेजारच्या काकू म्हणतात, "हंगाम सुरू झाला बाई, छान वाटतं." मी मान डोलावते आणि आत जाते. मला छान वाटत नाही. मला लाज वाटते.

लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी सांगून टाकते. कान गरम होतात. त्या वासासरशी एक बाई डोळ्यांसमोर उभी राहते. डोक्याला फडकं बांधलेली, हातात कात्री, माझ्या तोंडाकडे बघत असलेली. आणि मी तिच्याकडे बघायचं टाळते. इतकी वर्षं झाली, तरी टाळते.

माझं बालपण नव्वदच्या दशकात दिंडोरीकडच्या बागेत गेलं. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अडीच एकर थॉमसन, खाण्याची बिनबियांची द्राक्षं. घरात सगळ्या गोष्टी मण्याच्या मापात बोलल्या जायच्या. मणी किती एमएम झाला, शेजाऱ्याचा किती झाला. डिपिंगच्या दिवशी शाळेला सुट्टी. एवढीशी पांढरी पूड स्पिरीटमध्ये विरघळवायची, ती पिंपभर पाण्यात टाकायची, आणि मग मगात औषध घेऊन प्रत्येक घड त्यात बुडवायचा, हलवायचा, निथळू द्यायचा. त्या औषधाला सगळे जीए म्हणत. जीए दिलं की मणी फुगतो, लांबतो, काचेसारखा होतो. वर बघून बघून मान दुखायची, कोपरापर्यंत हात ओले, आणि वरून थेंब नाकावर पडायचे. आमच्याकडे चांगलं द्राक्ष म्हणजे मोठं द्राक्ष. यापलीकडे काही असू शकतं, हे आमच्या गावात कुणी म्हटलं असतं तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

मी कृषी पदवी घेतली आणि दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वाईनच्या बागेत नोकरीला लागले. आईने नातेवाइकांत सांगितलं, पोरगी ज्यूस कंपनीत आहे. मालक हौशी माणूस होते. परदेशात फिरून आले होते आणि स्पेनच्या वाईनवर त्यांचा फार जीव. बाकी सगळे फ्रेंच वाण लावत होते, तर यांनी हट्टाने अर्धा एकर टेम्प्रानिल्लो लावली. तिची जबाबदारी माझी. मी पुस्तकं मागवली आणि भूगोलाच्या परीक्षेला बसल्यासारखी स्पेन पाठ करायला लागले.

स्पेनमध्ये मी आजवर गेलेली नाही. पण रिओहाचं खोरं मला पेठ रोडइतकं ओळखीचं वाटतं. उत्तरेला डोंगर, समुद्राकडून येणारा गार वारा आणि पाऊस ते अडवतात. खाली नदी, चुनखडीची माती. टेम्प्रानिल्लो तिथली राणी. नावातच आहे की ती लवकर पिकते, बाकीच्या वाणांच्या आधी. त्याहून उंचावर, दुएरो नदीच्या काठी, दिवसा भाजून काढणारं ऊन आणि रात्री दात वाजवणारी थंडी, म्हणून तिथे तिची साल जाड होते आणि रंग काळाकुट्ट उतरतो. गार्नाचा ही तिथली दुसरी जात टेम्प्रानिल्लोहून चिवट, तिला ऊन आणि कोरडा वारा दिला की पुरे. दक्षिणेला शेरी वाईनचा मुलूख, तिथली माती इतकी पांढरी की उन्हात डोळे मिटावेत, पण तीच माती हिवाळ्याचं पाणी उन्हाळाभर धरून ठेवते. हे सगळं मी बसमध्ये, जेवताना, आईशी भांडताना वाचलं.

या पाठांतराला माणसाचा चेहरा मिळाला तो हुलियानमुळे. मालकांनी बोलावलेला स्पॅनिश सल्लागार. साठीचा, बुटका, टोपीखाली टक्कल, आणि इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. वर्षातून दोनदा यायचा, सप्टेंबरात छाटणीला आणि फेब्रुवारीत खुडणीच्या आधी. त्याचं गाव ला मांचाच्या माळावर. तो सांगायचा, आमच्याकडे मांडव नाही, तारा नाहीत, काही नाही. गुडघ्याएवढी झुडपं, एकमेकींपासून लांब लांब लावलेली. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून प्रत्येकीने आपलं पाणी आपण शोधायचं. हिवाळ्यात बर्फ पडतं आणि वेल झोपते. इथली वेल कधी झोपते, असं त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, झोपत नाही, म्हणून तर आम्ही तिला वर्षातून दोनदा छाटतो. तो बराच वेळ वेलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, बिचारी.

आमच्या बागेत छाटणीपासून खुडणीपर्यंत सगळी कामं मंगळीबाईची टोळी करायची. पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या बारा बायका. भाताची आणि नागलीची लावणी आटपली की त्या खाली उतरायच्या आणि बागेच्या कडेला झोपड्या करून मार्चपर्यंत राहायच्या. मंगळीबाई त्यांची मुकादम. टोळ्यांचे मुकादम बहुतेक पुरुष असतात, मी पाहिलेली बाई मुकादम ही एकटीच. पंचेचाळिशीची असेल. ती ओळीतून चालत जायची आणि हात न लावता सांगायची की या काडीवर डोळा आंधळा आहे, फुटणार नाही. फुटायचा नाही. बायकांना ती ओरडायची नाही, नुसतं नाव घ्यायची. आसपासच्या बागायतदारांत तिच्या नावाला वजन होतं, आणि ते तिने वीस वर्षं वर बघून बघून मान मोडून कमावलं होतं.

त्या सप्टेंबरात हुलियानने सगळ्यांना ओळीच्या तोंडाशी जमवलं. टेम्प्रानिल्लोच्या घडाला कसलंही फुगवायचं औषध नाही, असं त्याने बोट वर करून सांगितलं, आणि ते मी मंगळीबाईच्या टोळीला मराठीत सांगितलं. माझ्याच तोंडाने. का नाही, ते त्यानेही सांगितलं नाही आणि मीही नाही. बायकांना काय करायचंय का ते, असं मला वाटलं असावं.

दिवाळीनंतर नाना बाग बघायला आले. बरोबर गावातले दोघे बागायतदार. आदल्या वर्षीचा पहिला माल त्यांनी पाहिलेला होता, मिरीएवढे मणी. तेव्हाच गावभर झालं होतं की नानांच्या शिकलेल्या पोरीने मिरीचा मळा लावलाय. आता फुलोरा उतरत होता, घड दाटीवाटीने बांधले जात होते. नानांनी एक घड तळहातावर घेतला. दोघे पाहुणे एकमेकांकडे बघून हसले.

"अजून टाइम हाय," नाना म्हणाले. "एक हलका डीप मार. घड तरी मोकळा होईल. लोकं काय म्हणतील?"

"नाना, वाईनला बारीकच मणी लागतो. रंग सालीत असतो."

"आसंल. पन बघवत नाय गं."

खरं सांगायचं तर मलाही बघवत नव्हतं. पुस्तक डोक्यात होतं, पण डोळे दिंडोरीचेच होते. मी स्वतःला समजावलं की हा प्रयोग आहे, फक्त तीन ओळी, आणि तोही हलका डोस. नानांच्या घरातूनच मी एक पुडी आणली. मालक त्या आठवड्यात बाहेरगावी होते.

मी औषधाने भरलेला मग पुढे केला, पण मंगळीबाईने तो हातात घेतला नाही.

"ताई, त्या साहेबानं नाय म्हनलं व्हतं ना? ह्या घडाला औषध दावायचं नाय."

"मी सांगते ना."

"तुमीच तं सांगितलं व्हतं."

"मंगळीबाई, तीन ओळीच आहेत. मला माहितीये मी काय करतेय."

तिने पदर खोचला. मग तिने बायकांची नावं घेतली आणि काम सुरू झालं. नोव्हेंबरचं कोवळं ऊन होतं, बायका त्यांच्या बोलीत काहीतरी गाणं म्हणत होत्या, आणि मला लहानपणासारखं अगदी प्रसन्न वाटत होतं. सगळ्यात लाजिरवाणं तेच आहे.

वाईनच्या द्राक्षाला थोडं उपाशी ठेवावं लागतं, हे हुलियानचं आवडतं वाक्य. पाणी तोडायचं, फुटवा आवरायचा, मणी बारीक राहू द्यायचा. गर कमी, साल जास्त. चव, रंग, तो जिभेला आवळणारा तुरटपणा, सगळं सालीतून आणि बीतून येतं. म्हणून गरीब माती, लांब लांब लावलेली झुडपं, दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी. नाशिकला नेमकी ही शेवटची गोष्ट मिळते, डिसेंबर-जानेवारीत दुपार आणि पहाट यांचा मेळ बसत नाही, आणि म्हणूनच ही परदेशी पाहुणी आमच्याकडे रमली. मी हे आज वर्गात छान सांगते. तेव्हाही मला ते येत होतं. येत असून मी केलं, म्हणून तर त्याला चूक म्हणून सुटता येत नाही.

फेब्रुवारीत हुलियान आला. मालक, तो आणि मी ओळींमधून निघालो. मंगळीबाईची टोळी तिथेच पानं विरळ करत होती. त्या तीन ओळींपाशी तो थांबला. घडांत काही मणी फुगून पाणचट जांभळे झालेले आणि त्यांच्यामध्ये हिरव्या टणक गोळ्या, ज्या कधीच पिकणार नव्हत्या. शेजारच्या ओळीत मात्र सगळे घड काळेभोर. त्याने एक मणी चिरडला, साल चावली आणि थुंकली.

"याला कोणी हात लावला?" त्याने इंग्रजीत विचारलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षण होता. त्या एका क्षणात मला नाना दिसले, गावातले हसणारे दोघे दिसले, नोकरी दिसली, आणि मी इंग्रजीत म्हणाले, "या बायकांनी. त्या खाण्याच्या द्राक्षांवर काम करतात ना, सवयीने दिलं असणार. मला नंतर कळलं."

मालकांनी सुस्कारा सोडला. कुणीही पुढचा प्रश्न विचारला नाही. औषध आलं कुठून, ते मिसळलं कोणी, बारा बायका आपणहून तीन ओळीच कशा मोजून घेतील. एकही प्रश्न नाही. पाड्यावरच्या बायकांचं चुकलं म्हटल्यावर सगळ्यांना ते लगेच पटलं, आणि ते पटणार हे मला आधीच माहीत होतं.

हुलियान मात्र सरळ मंगळीबाईपाशी गेला आणि त्याने टोपी काढली. तो बराच वेळ बोलला आणि मग मला म्हणाला, सांग तिला. तो म्हणाला होता की माझी आई आणि मावश्या आयुष्यभर दुसऱ्यांच्या मळ्यात द्राक्षं तोडत होत्या, त्यांनाही कुणी कधी कारण सांगितलं नाही. तुझी चूक नाही. असं का करायचं नाही ते आम्ही तुला सांगितलं नाही, ती आमची चूक.

मी मंगळीबाईकडे वळले. "साहेब म्हणतात, काम छान केलंय."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. "बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपड्यांपाशी जीप उभी होती. मालकांनी ठरवलं होतं, ही टोळी नको. बायका पातेली, गोधड्या, एक कोंबडी असं सगळं टपावर चढवत होत्या. खुडणी तोंडावर आलेली, दुसऱ्या सगळ्या बागांत टोळ्या कधीच ठरलेल्या. मंगळीबाई माझ्या खोलीपाशी आली.

"ताई, तो साहेब काय बोलला ते खरं सांगा."

"तेच बोलला. हे वरून ठरलंय, माझ्या हातात नाही."

तिने फडकं सोडून परत बांधलं आणि ती गेली. जीप गेली तेव्हा मी कार्यालयात बसून पीएचच्या नोंदी करत होते. खिडकी उघडी होती, पण मी उठून पाहिलं नाही.

आमच्याकडे द्राक्षाला औषध देणं हा गुन्हा नाही, पण मालकाला न विचारता देणं म्हणजे संपलं. अशा टोळीच्या हातात बाग कोण देणार? त्या उन्हाळ्यात मी घरी गेले होते, जेवताना नाना म्हणाले, "त्या मंगळीची टोळी नको रे बाबा. मनानं डीप मारला म्हनं तुमच्या बागंत." नानांनी स्वतःच मला डीप सुचवला होता आणि तरीही ते हे मनापासून म्हणत होते, कारण त्यांना माझ्यावर शंकासुद्धा आली नाही. मी भाजीचं भांडं पुढे सरकवलं. त्यानंतर दिंडोरीपासून धरणापर्यंत तिला कुणी बोलावलं नाही. बायका पांगल्या, काही वीटभट्टीवर, काही गुजरातकडे रस्त्याच्या कामाला. तिची मुकादमकी गेली.

आणि टेम्प्रानिल्लो? ती उत्तम झाली. त्या तीन ओळी वगळून केलेल्या वाईनला चेरीचा वास होता, लाकडी पिंपात ठेवल्यावर त्यात थोडा तंबाखूचाही आला. मला बढती मिळाली. पुढे मला वाईनच्या एका छोट्या अभ्यासक्रमात व्याख्यानाला बोलावू लागले, आणि तिथे मी दर वर्षी एक किस्सा सांगायचे. सवयीने जीए देणाऱ्या बायकांचा. घडांचा फोटोही होता माझ्याकडे. मुलं हसायची. पाच वर्षं मी तो किस्सा सांगितला, आणि सांगता सांगता त्यात रंगही भरत गेले. खोटं एकदा बोललं की भीतीने बोललं म्हणता येतं. हे मी टाळ्यांसाठी बोलत होते.

सहाव्या वर्षी एका मुलाने विचारलं, "मॅडम, मी पेठचाच आहे. कुठल्या पाड्यावरच्या होत्या त्या?" मी घाईने पुढचा फोटो लावला. त्याच आठवड्यात मी एसटीने पेठला गेले आणि पुढे जीपने पाड्यावर.

मंगळीबाई अंगणात सुपात नागली पाखडत होती. केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, रडले वगैरे. तिने सूप थांबवलं नाही.

"माला ठावं व्हतं," ती म्हणाली. "त्या साहेबाचं तोंड काय काम छान झाल्यावानी नव्हतं. आन तू माज्याकडं बघत नव्हतीस."

तिच्या अंगणात मी 'तू' झाले होते.

"मग तुम्ही मालकांना का नाही सांगितलंत?"

"कोन ऐकनार व्हतं? साहेबाची बोली माला येत नाय, माजी त्याला. मधी बोलनारी तूच व्हतीस." मग तिने सुपातला कोंडा उडवला. "माला कशाला सांगतेस? माला तं ठावं हाय. ज्यांना ठावं नाय त्यांना सांग."

परत येऊन मी सांगत सुटले. मालकांनी बाग केव्हाच विकली होती, फोनवर ते म्हणाले, "अगं जाऊ दे, किती जुनं. कोण ती?" नानांना सांगितलं, ते उठून बागेत निघून गेले. वर्गात त्या फोटोपाशी आल्यावर म्हटलं, हे मी करायला लावलं होतं, बाई नको म्हणाली होती. एका मुलीने विचारलं, मॅडम, डोस किती होता? मी सांगितला. सगळ्यांनी लिहून घेतला.

शेवटी हुलियानला पत्र लिहिलं. तो आता ला मांचालाच असतो, म्हातारा झालाय. मी चांगली दोन पानं लिहिली, माझ्या लाजेबद्दल, माझ्या अपराधाबद्दल. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. माझ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. त्याने विचारलं होतं, मी तिला जे सांगायला सांगितलं होतं, ते आता तरी तिला सांगितलंस का?

सांगितलं नव्हतं. तिच्या अंगणात तासभर बसून मी फक्त माझं सांगून आले होते. तिच्यासाठी दिलेला निरोप इतकी वर्षं माझ्यापाशीच पडून होता, आणि मला तो आठवलाही नव्हता.

मी परत गेले. या वेळी रडले नाही. मंगळीबाईच्या समोर जमिनीवर बसले आणि हुलियानचं बोलणं त्याच्या आईसकट, मावश्यांसकट, शब्दाला शब्द लावून मराठीत सांगितलं. तुझी चूक नाही. का करायचं नाही ते आम्ही तुला सांगितलं नाही, ती आमची चूक.

पहिल्यांदाच तिने सूप खाली ठेवलं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मंग आता सांग. का नाय द्यायचं?"